अपोलो बंदरावरची मोटर यॉट: दोर सोडण्याआधीची तयारी

मोटर यॉट भाड्याने देणाऱ्या सेवेची पारख गाद्या, संगीत आणि खाण्यापिण्यावरून करण्याची पद्धत मुंबईत रुळली आहे. माझ्या मते ही पारख बोट मुरिंगवरून, म्हणजे पाण्यात ती जिथे दोराने बांधून ठेवतात तिथून, सुटण्याआधी काय काय तपासले जाते, यावरूनच व्हायला हवी. कारण भर पाण्यात उणीव लक्षात आली, तर जवळ ना दुकान असते, ना मेकॅनिक. ज्या यॉटबद्दल लिहीत आहे, ती सुमारे पंचेचाळीस फुटी, दोन डिझेल इंजिनांची, दहा पाहुण्यांची परवानगी असलेली बोट आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी खाडीपलीकडे अलिबागजवळच्या मांडव्याच्या बाजूला जाऊन दुपारी परत येण्यासाठी आम्ही ती घेतली होती. पाहुण्यांच्या आधी बोटीवर येऊन तयारी पाहू द्यावी, ही माझी विनंती व्यवस्थापकांनी आढेवेढे न घेता मान्य केली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

इंजिन सुरू करण्याआधी तांडेल, म्हणजे बोटीचे चालक, स्वतः डेकवरचे झाकण उघडून खाली उतरले आणि काही क्षण नुसते वास घेत थांबले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून पेट्रोल इंजिनाच्या बोटीत चावी फिरवण्यापूर्वी किमान चार मिनिटे ब्लोअर, म्हणजे तळाची हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवायचा असतो. डिझेलमध्ये हा धोका बराच कमी असला, तरी ज्या बोटीत स्वयंपाकाचा गॅस आहे, तिथे तोही तळाशीच उतरतो, त्यामुळे वास घेण्याची ही सवय मला फार मोलाची वाटली. त्यानंतर त्यांनी तळाचे पाणी टॉर्चच्या उजेडात पाहिले, त्यावर तेलाचा तवंग नाही याची खात्री केली आणि ते पाणी उपसणाऱ्या पंपाचा फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर उठून पंप सुरू करणारा तरंगता भाग, हाताने वर उचलला. पंप आपोआप सुरू होऊन पाणी बाहेर पडू लागले. अनेक बोटींवर फक्त बटण दाबून पंपाचा आवाज ऐकतात; त्याने पंप चालतो एवढेच कळते, पाणी वाढल्यावर तो आपणहून सुरू होईल की नाही, हे कळत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो समुद्राच्या पाण्याच्या गाळणीपाशी, आणि तो जायलाच हवा होता. या इंजिनांना थंड ठेवण्यासाठी बाहेरचे खारे पाणी आत ओढले जाते, आणि मुंबई बंदरातल्या पाण्यात प्लास्टिक किती असते, हे गेटवेच्या कठड्यावर उभे राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. तांडेलांनी आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, गाळणीचे झाकण फिरवून काढले आणि आतून वेफर्सच्या पाकिटाचा गुंडाळलेला तुकडा आणि थोडे शेवाळ बाहेर काढले. जाळी गोड्या पाण्याने धुतली, झाकणाच्या रबरी रिंगवरून हाताचे बोट फिरवून ती कुठे चिरलेली नाही ना हे पाहिले, मग झाकण लावून व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि तो उघडला असल्याचे सोबतच्या खलाशाकडून मोठ्याने म्हणवून घेतले. बोलून दाखवण्याची ही पद्धत महत्त्वाची आहे. व्हॉल्व्ह बंद राहिला आणि इंजिन सुरू झाले, तर पाणी ओढणाऱ्या पंपातले रबरी पाते थोड्याच वेळात कोरडे घासून निकामी होते आणि इंजिन तापू लागते.

तेल, कूलंट आणि पट्ट्याचा ताण हे नेहमीचे सोपस्कार नीट पार पडले. डिझेलच्या फिल्टरखाली काचेची वाटी असते. तिच्या तळाशी पाणी जमले आहे का, हेही पाहिले गेले, कारण दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी धरते. इंधनाच्या बाबतीत त्यांचा हिशेब जुना आणि भरवशाचा आहे: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेले हात न लावता राखीव. काट्यावर विसंबून न राहता मागच्या फेऱ्यांत इंजिन किती तास चालले, याची वही ते ठेवतात आणि मागितल्यावर दाखवतात.

इंजिने सुरू झाल्यावर तांडेल मागच्या कठड्यावरून वाकले आणि दोन्ही एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाणी फेकले जात आहे, हे डोळ्यांनी पाहिले. मुरिंगचा दोर बांधलेला असतानाच प्रत्येक इंजिन क्षणभर पुढे आणि क्षणभर मागे टाकून पाहिले, सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, भोंगा वाजवला, व्हीएचएफ रेडिओचा सेट संकटाच्या हाकेसाठी असलेल्या १६ व्या चॅनेलवर लावून ठेवला. परतीला उशीर झालाच तर हाताशी असावेत म्हणून डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवाही दिवसाउजेडी लावून तपासला.

हवामानाच्या बाबतीत या सेवेने माझा विश्वास खऱ्या अर्थाने मिळवला. आमच्यातल्या काहींनी तासभर उशिरा निघण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा तांडेलांनी नम्रपणे पण ठाम सांगितले, "साहेब, दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो, परतताना लाटा तोंडावर येतील. मांडव्याला जायचं तर आत्ताच निघू, नाहीतर बंदरातच फिरवून आणतो." सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा मंद असताना जावे आणि समुद्रावरचा वारा जोर धरण्याआधी परतावे, हे या किनाऱ्यावरचे साधे शहाणपण आहे. त्यांच्याकडे भरती-ओहोटीचे कोष्टक होते आणि समुद्राविषयीची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाजही त्यांनी आदल्या रात्री पाहिला होता. गिऱ्हाईकाला नाराज करण्याची तयारी असलेला तांडेल ही या व्यवसायात दुर्मीळ गोष्ट आहे.

आता उणिवांकडे येतो, आणि त्यांतली पहिली मला गंभीर वाटते. यॉट धक्क्याला लागत नाही. पायऱ्यांवरून छोट्या बोटीने तिच्यापर्यंत जावे लागते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, त्यामुळे सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्या शेवाळाने निसरड्या असतात. खलाशाने प्रत्येकाचा हात धरून, "ताई, आधी पाय बोटीत, मग हात सोडा," असे सांगत सर्वांना काळजीने उतरवले. मात्र जीवरक्षक जॅकेट यॉटवर पोहोचल्यावरच मिळाली. संपूर्ण सहलीतला तोल जाण्याचा सर्वाधिक संभव ज्या टप्प्यावर आहे, नेमका तोच टप्पा जॅकेटविना पार करावा लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला इंजिनाच्या चाचणीवर असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. शांत समुद्रात, भर दुपारी, शहराच्या नजरेसमोर हे घडले. बंदरात धोका सांगून येत नाही, म्हणून जॅकेट पायऱ्यांवरच अंगावर चढायला हवे.

यॉटवर दिलेली सूचना मात्र उत्तम होती. जॅकेटचे पट्टे प्रत्येकाच्या अंगावर ओढून घट्ट केले गेले, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी कुठे आहे ते दाखवले गेले, आणि कोणी पाण्यात पडल्यास ओरडून त्याच्याकडे हाताचे बोट रोखून धरायचे, क्षणभरही नजर हटवायची नाही, हे आमच्यातल्या एकाकडून करवून घेतले गेले. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक चालकाच्या आसनासमोर ठळक अक्षरांत लावलेला आहे. लहान मुलांच्या मापाची जॅकेट मात्र पुरेशी नव्हती; मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले, तर पाण्यात ते डोक्यावरून निसटते. अग्निशामकाचा काटा हिरव्या भागात होता, पण तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी खाऱ्या हवेने पुसली गेली होती. बोटीवर कोण कोण आहे आणि परतण्याची वेळ काय, याची लेखी नोंद किनाऱ्यावर ठेवलेली नव्हती. व्यवस्थापकांना फोनवर अंदाजे संख्या ठाऊक होती, एवढेच. एक कागद आणि दोन मिनिटे, एवढ्याने ही त्रुटी भरून निघेल.

या सर्व बाबी मी व्यवस्थापकांना लेखी कळवल्या आहेत. यंत्राच्या तयारीसाठी आणि तांडेलांच्या निर्णयासाठी मी पाचपैकी पूर्ण पाच गुण देतो, पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी तीन. भाडे बाजारभावापेक्षा थोडे जास्त आहे, पण गाळणी उघडून पाहणाऱ्या माणसासाठी ते द्यायला हरकत नाही. लहान मुले सोबत असतील, तर आरक्षण करताना त्यांची वजने सांगून त्या मापाची जॅकेट पायऱ्यांवरच देण्याचे लेखी कबूल करून घ्यावे, आणि पायऱ्या उघड्या पडण्याची वेळ टाळण्यासाठी सुकतीची वेळ विचारूनच निघण्याची वेळ ठरवावी.