भाकरवडी अव्वल, हिशेब मोबाइलवर

स्टेशनजवळच्या या दुकानाची भाकरवडी आजही पहिल्या दर्जाची आहे: खुसखुशीत, तेलकटपणा नाही, सारणात खसखस नि सुकं खोबरं जाणवतं. तरी पाचपैकी तीनच स्टार देतोय, ते गल्ल्यावरच्या अनुभवामुळे.

वीज गेली आणि बिलाचं मशीन बंद पडलं. भाकरवडी ४०० रुपये किलो, मला हवी होती साडेतीनशे ग्रॅम. पेढे ७२० रुपये किलो, ते पाव किलो. १४० आणि १८०, झाले ३२०. काउंटरवरच्या मुलाने मोबाइल काढला, तोवर रांग दारापर्यंत गेली. मी ५२० दिले, तर वरचे वीस परत करून तो सुट्टे शोधू लागला. सरळ दोनशे द्यायचे, हे त्याला उमगेना.

मुलगा नम्र आहे, कामसू आहे; त्याला दोष देत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडच्या पाढ्यांची उजळणी त्याच्याकडून कुणी घोकून घेतली नसणार. पण पाव-अर्ध्या किलोवर चालणाऱ्या दुकानात ती रोज लागते. ७२० चं निम्मं ३६०, त्याचं निम्मं १८०. मालकांनी दुपारच्या निवांत वेळी पोरांना एवढं शिकवावंच.

जाणार असाल तर सकाळी जा, पहिला घाणा तेव्हाच निघतो.