स्नूकर की पूल: नाशिकमध्ये पहिल्यांदा क्यू हातात घेणाऱ्यासाठी

नाशिकमध्ये क्यूने, म्हणजे लांब काठीने, बॉल टेबलाच्या कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये, घालण्याचा खेळ शिकू पाहणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो असा: थेट स्नूकरच्या मोठ्या टेबलावर उभे राहावे, की आधी पूलवर हात बसवून मग तिकडे वळावे. ‘आधी पूल, मग स्नूकर’ हा सल्ला स्नूकर-पूलच्या पार्लरमध्ये न मागता मिळतो. मी तो वर्षभर पाळला आणि पुढचे कित्येक महिने त्या वर्षात लागलेल्या सवयी मोडण्यात घालवले. त्यामुळे माझे मत तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

स्नूकरचे पूर्ण टेबल साधारण 12 फूट लांब आणि 6 फूट रुंद असते, तर पूलची टेबले 7, 8 किंवा 9 फुटी असतात. बॉलचे प्रमाण मात्र उलटे आहे: स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटर व्यासाचा, पूलचा सुमारे 57 मिलिमीटरचा. नऊ फुटी पूल टेबलाच्या कोपऱ्यातील पॉकेटच्या तोंडात दोन बॉल जवळजवळ शेजारीशेजारी मावतात. स्नूकरचे पॉकेट इतके उदार नसते, आणि त्याच्या कडा गोलाकार असल्यामुळे किंचित चुकलेला बॉल तोंडाशी दोनतीनदा इकडून तिकडे आपटून तिथेच थांबतो. हे दृश्य सुरुवातीला इतक्या वेळा पाहावे लागते की काही जण त्यावरच खेळ सोडतात.

तरीही शिकण्याच्या दृष्टीने खरा फरक इथेच आहे. पांढऱ्या बॉलची दिशा केवळ 1 अंशाने चुकली, तर 1 मीटर अंतरावर तो सुमारे 17 मिलिमीटर बाजूला पोहोचतो, म्हणजे स्नूकरच्या बॉलच्या जवळजवळ एक तृतीयांश. पूलवर अंतरे कमी आणि पॉकेट मोठे असल्यामुळे तीच चूक बऱ्याचदा खपून जाते, बॉल पडतो आणि आपला हात सरळ चालतो असा खेळणाऱ्याचा समज होतो. माझा कोपर फटक्याच्या वेळी बाहेर जात असे, हे पूलच्या टेबलाने मला वर्षभर कळू दिले नाही; स्नूकरच्या टेबलावर ते पहिल्याच संध्याकाळी उघडे पडले. तिथल्या मार्करने, म्हणजे गुण मोजणाऱ्या माणसाने, मला लाल बॉल न लावताच, पांढरा बॉल तपकिरी बॉलच्या खुणेवरून समोरच्या कुशनपर्यंत, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेपर्यंत, सरळ मारायला लावला. तो परत येऊन क्यूच्या टोकाला लागायला हवा होता. वीस प्रयत्नांत दोनदा लागला.

नियमांच्या बाबतीत पूल निःसंशय सोपा आहे. एट-बॉलमध्ये आपल्या गटाचे सात बॉल घालायचे आणि शेवटी काळा, एवढे समजले की खेळ सुरू होतो. स्नूकरमध्ये 15 लाल बॉलना प्रत्येकी 1 गुण, प्रत्येक लालनंतर एक रंगीत, तो लगेच पुन्हा आपल्या जागी, पिवळ्याला 2 पासून काळ्याला 7 पर्यंत चढते गुण आणि फाऊल झाल्यास प्रतिस्पर्ध्याला किमान 4 गुण, एवढे लक्षात ठेवावे लागते. मात्र दोन संध्याकाळी पुरतात. नियमांच्या भीतीने पूल निवडण्याचे कारण नाही.

वेळ आणि पैसा हा मुद्दा अधिक खरा आहे. टेबलाचे पैसे बहुधा तासावर मोजले जातात आणि हरणाऱ्याने ते भरायचे, हा मित्रामित्रांमधला रिवाज. दोन नवख्यांची स्नूकरची एक फ्रेम, म्हणजे एक डाव, सहज तासभर लांबते, तर तेवढ्या वेळात पूलचे तीनचार डाव होतात. नाशिक रोडला राहून कॉलेज रोडच्या बाजूला खेळायला जाणाऱ्याने द्वारका चौकातील संध्याकाळची कोंडीही याच हिशेबात धरावी. महिन्यातून एकदा चार मित्रांनी मिळून गंमत करायची असेल, तर पूलच घ्यावा. स्नूकरमध्ये त्यांपैकी तिघे बहुतेक वेळ बसूनच राहतील.

आठवड्यातून दोन वेळा जाणे शक्य असेल, तर मात्र स्नूकरपासूनच सुरुवात करावी, आणि पूर्ण फ्रेमऐवजी सहा लाल बॉलची फ्रेम खेळावी. हा काही पोरखेळ नव्हे. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने या प्रकारातही जागतिक विजेतेपद मिळवले आहे. लाल बॉल कमी असल्यामुळे टेबल मोकळे राहते, गर्दीत अडकलेले बॉल फोडण्यात वेळ जात नाही आणि एका तासात दोन फ्रेम संपतात.

कापडाचाही फरक पडतो. स्नूकरच्या लोकरी कापडाला एका दिशेने लव असते, पूलचे कापड सहसा बिनलवीचे. ओलाव्याने कापड जड होते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस लागून राहिला असताना, मेमध्ये सहज पोहोचणारा बॉल वाटेतच थांबू लागला, तर आपला फटका बिघडला असे लगेच मानू नये. वातानुकूलित खोलीतील टेबल मिळाल्यास पावसाळ्यात तेच घ्यावे.

स्वतःचा क्यू घेण्याची घाई दोन्हीकडे नको, परंतु एकच क्यू दोन्ही खेळांना चालेल असे समजू नये: स्नूकरच्या क्यूची टिप (बॉलला लागणारे टोक) साधारण साडेनऊ मिलिमीटरची, पूलची 12 ते 13 मिलिमीटरची असते. पहिले दोन महिने पार्लरचाच क्यू वापरावा, फक्त घेताना तो टेबलावर लोळवून पाहावा आणि टोक उड्या मारू लागले तर दुसरा मागावा.