मेलेल्या पेशव्याची सनद, २८ हजार रुपये फक्त

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितोच. बँकेतून रिटायर झाल्यापासून मला घराण्याची वंशावळ जमवायचं वेड लागलंय. मूळ गाव वाईजवळचं. जुने सातबारा, फेरफार, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीतल्या नोंदी (पणजोबांची सही बघून मी तिथेच बसून रडलो होतो, बायको अजून चिडवते) असं करत करत पाच पिढ्या लागल्या. त्याच्या मागे सगळं मोडी लिपीत, आणि मला तेव्हा मोडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

तेवढ्यात एक गृहस्थ भेटले, स्वतःला इतिहास अभ्यासक म्हणवणारे. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली तेव्हापासून असे अभ्यासक बरेच उगवलेत, त्यात खरे जाणकार आहेत आणि हेही आहेत. आमच्याकडचं एक जुनं खरेदीखत त्यांनी पाचशे रुपयांत वाचून दिलं आणि ते बरोबर वाचलं होतं, हे नंतर तपासून घेतलंय. म्हणजे माणसाला मोडी येत होती. तिथेच माझा विश्वास बसला.

मग म्हणाले, सर, पेशवे दफ्तरात (पेशवाईतले सरकारी कागद ठेवलेत तिथे) माझी ओळख आहे, तुमच्या घराण्याचा रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, शोधून काढतो, फक्त घरात काय आख्यायिका आहेत, कुठलं साल सांगतात, नावं काय काय आहेत ते सगळं आधी लिहून पाठवा म्हणजे शोधायला सोपं जातं. मी मूर्खासारखी दोन पानं लिहून पाठवली, की माळ्यावरच्या घंगाळ्यावर शके १६९७ कोरलंय, की पेशव्यांनी इनाम दिलं असं आजी सांगायची, की घरात रामजी आणि कृष्णाजी ही नावं चालत आलीत. दहा हजार ॲडव्हान्स गूगल पे केले, काम झाल्यावर अठरा.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर सनदेचा फोटो आला. वर शिक्का, खाली मोर्तब, मधे आमचं आडनाव, शके १६९७. सोबत चौदा पिढ्यांची टाईप केलेली वंशावळ. आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे रामजी बिन कृष्णाजी (बिन म्हणजे अमक्याचा मुलगा), कृष्णाजी बिन रामजी अशी शिडी थेट शिवकाळापर्यंत गेलेली, आणि मला त्यात काही खटकलं नाही हेच विशेष! उरलेले पैसे त्याच रात्री पाठवले, फोटो फ्रेम केला, कुलसंमेलनात वाटला. माझे धाकटे काका ८४ वर्षांचे, त्यांनी फ्रेम कपाळाला लावली.

पुढच्या वर्षी मी स्वतःच मोडीच्या वर्गाला गेलो. सर म्हणाले घरचे कागद आणा, मी मोठ्या ऐटीत सनद काढली. सरांनी शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय वाचा बघू. वाचलं, माधवराव बल्लाळ, म्हणजे बाळाजींचे पुत्र थोरले माधवराव पेशवे. आता शके १६९७ म्हणजे ७८ मिळवून इ.स. १७७५, आणि थोरले माधवराव थेऊरला वारले १७७२ मध्ये. १७७५ ला गादीवर सवाई माधवराव, वय वर्षं एक, आणि ते माधवराव नारायण, बल्लाळ नव्हेत. सर म्हणाले, मग हे इनाम स्वर्गातून पाठवलं का? वर्ग हसला, मीही हसलो, पोटात मात्र गोळा आला.

मग त्यांनी सनदेवरचा अरबी सन वाचायला लावला, हे पेशवाईतल्या कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष. सीत सितैन मया व अलफ, म्हणजे सहा, साठ, शंभर आणि हजार, ११६६. त्यात ५९९ मिळवले की १७६५. म्हणजे शिक्का आणि अरबी सन एकमेकांशी जुळतात, शकाचा आकडा तेवढा दहा वर्षं पुढचा, माझ्या घंगाळ्यावरचा. कुठल्यातरी खऱ्या कागदाचा फोटो घेऊन त्यात आमचं आडनाव आणि शक घुसवलेला. मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली लिहीत जातात, तर आमच्या आडनावाच्या दोन्ही बाजूंना ती रेघ तुटलेली दिसते, एकदा दिसली की दुसरं काही दिसतच नाही. माझीच माहिती मला २८ हजाराला विकली हो त्याने!

फोन केला तर म्हणाला लेखनिकाची चूक असेल सर, त्या काळी व्हायच्या. रुमाल नंबर मागितला तर ब्लॉक. पुण्याच्या पुरालेखागारात जाऊन फोटो दाखवला, तिथल्या माणसाने पहिला प्रश्न तोच विचारला, दफ्तर कुठलं, रुमाल नंबर काय? तो नसेल तर कागद शोधायचा कुठे? तुम्हाला कुणी असा कागद दिला तर पैसे द्यायच्या आधी तो नंबर मागा आणि स्वतः जाऊन मूळ कागद बघा, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काय माहीत आहे ते आधी सांगू नका, त्याला काय सापडतं ते बघा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली पण पैसे देऊन वर्ष होत आलं होतं, त्यामुळे आशा नाही.

बाकी सगळ्यांना सांगून झालंय, काकांना नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, अरे, त्या सनदेची अजून एक प्रत काढून दे, नातू अमेरिकेला चाललाय, त्याच्या बॅगेत ठेवायची आहे. मी बघतो म्हटलं.