काचेवरच्या टवक्याचं रेझिन सुकवायला ऊन की नेल लॅम्प?

गाडीच्या पुढच्या काचेवर खडी उडून टवका गेला, दुरुस्तीचं किट आणून रेझिन (यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणारा चिकट द्रव) भरलं, पण यूव्ही दिवा नाही. मग घरात दोनच जुगाड उरतात: ऊन किंवा जेल नेलपॉलिशचा लॅम्प.

ऊन फुकट आणि जोरदार. दुपारचं कडक असेल तर दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. अडचण उलटीच आहे: ते थांबत नाही. रेझिन भेगांच्या टोकापर्यंत पोचायच्या आत घट्ट झालं तर संपलंच. म्हणून भरताना गाडी सावलीत हवी. आणि जुलैत कोकणात असाल तर विसराच.

नेल लॅम्पचं बटण आपल्या हातात, हा त्याचा खरा फायदा. बहुतेकांचा प्रकाश ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे रेझिनला साधारण चालणारा. पण तो बोटांसाठी बनवलेला. तिरक्या काचेवर टेकवून धरताना हात भरून येतो. गाडीच्या आतून मात्र धरू नका, काचेमधला प्लास्टिकचा थर यूव्ही अडवतो.

दोन्हीत वरून पारदर्शक फिल्मचा तुकडा हवाच. हवा लागली की वरचा थर चिकट राहतो.

ऊन असेल तर मी लॅम्प काढतच नाही.