जैसलमेरला फॅमिली घेऊन जाताय? "सब इसी में है" म्हणणाऱ्या गाइडपासून सांभाळून

जैसलमेरला जाणाऱ्यांनी हे प्लीज वाचा, घरातली वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच वाचा. डिसेंबरात आम्ही सोलापूरहून गेलो होतो, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलं, आणि एका दिवसाच्या वाळवंट ट्रिपमध्ये आम्हाला पद्धतशीर लुटलं.

हॉटेलच्या रिसेप्शनवर एक माणूस बसलेला असायचा, लोकल गाइड म्हणून त्याने स्वतःच ओळख करून घेतली, बोलायला एकदम गोड. माणशी अडीच हजार, त्यात गाडी, कुलधरा, दुपारचं जेवण, सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर उंट, जीप, संध्याकाळी कॅम्पवर नाचगाणं आणि रात्रीचं जेवण. "साब, सब इसी में है, एक रुपया एक्स्ट्रा नहीं." आमच्या सासऱ्यांना पक्ष्यांचं भारी वेड. तरुणपणी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर त्यांनी माळढोक पाहिलाय, आता आपल्याकडे तो दिसणं जवळपास संपलंच, देशात जे थोडेफार उरलेत त्यातले बहुतेक जैसलमेरकडे, डेझर्ट नॅशनल पार्कात आणि आसपास. त्यांनी नुसता विषय काढला आणि हा म्हणाला गोडावण ना (माळढोकाला तिकडे गोडावण म्हणतात), दाखवतो की, वनखात्याचं परमिट मी काढतो, तीन हजार कॅश द्या. बाकीचे पैसे यूपीआयने आधीच घेतले होते.

सकाळी त्याने परमिट म्हणून हातात जे दिलं ते पावतीपुस्तकातलं एक पान होतं. खाली गोल शिक्का, पण इतका फिसकटलेला की एक अक्षर लागत नव्हतं, गाडी नंबरची जागा कोरी, तारखेवर खाडाखोड. मी विचारलं तर म्हणे इथे असंच देतात.

कुलधऱ्याला पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव बघितलं, तिकीट आम्हालाच काढावं लागलं. तिथून माळढोकासाठी डेझर्ट नॅशनल पार्कातल्या सुदासरीला गेलो, तर गेटवरच्या गार्डने तो कागद उलटसुलट बघितला आणि परत दिला, आमच्या ऑफिसचा नाहीये हा म्हणाला. बिचारा नीट बोलला, पण आत कसं सोडणार? सासरे गळ्यात दुर्बीण अडकवून गेटपाशी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत, आणि मला पैशापेक्षा त्याचाच जास्त राग आला, अजूनही येतो. गाइड फोन कानाला लावून बाजूला गेला, मग म्हणाला ऑफिसची गडबड झाली, पैसे उद्या परत देतो.

समला पोचल्यावर आम्हाला उंटवाल्यांच्या हवाली करून तो "कॅम्पवर भेटतो" म्हणून जो गेला तो गेलाच. सूर्यास्ताची गर्दी, सासूबाई आणि धाकटी एका उंटावर. थोडं आत गेल्यावर उंटवाल्याने दोरी धरून उंट थांबवला आणि माणशी पाचशे मागितले. दिलेत म्हटलं तर म्हणे त्याला दिले असतील, मला काही मिळालं नाही. आणि उंट खाली बसवेचना! सासूबाई वरून ओरडतायत, मुलगी रडतेय, मग नवऱ्याने पैसे टेकवले तेव्हा उंट बसला. जीपवाल्याचंही तेच. कॅम्पवर तर आमच्या नावाचं बुकिंगच नव्हतं, जेवणाचे परत वेगळे पैसे. गाइडचा फोन बंद. हॉटेलवाले म्हणतात तो आमचा माणूस नाही, मग रोज तुमच्या सोफ्यावर काय करत होता?

मला वाटतं उंटवाला अगदीच खोटं बोलत नसेल. पैसे सगळे मधल्या माणसाकडे अडकतात, खाली काही पोचत नाही आणि वसुली परत आपल्याकडून होते. म्हणून एकगठ्ठा पैसे कोणालाही देऊ नका, उंटाचे उंटवाल्याला, जीपचे जीपवाल्याला, आणि तेही खाली उतरल्यावर. भाव, वेळ, कुठपर्यंत नेणार हे चढायच्या आधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. कॅम्पला स्वतः फोन करून बुकिंग आहे का विचारा. गाइडकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र मागा, फोटोसकट, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. राजस्थानात पर्यटकांच्या मागे लागणाऱ्या अशा दलालांना लपके म्हणतात, त्यांच्याविरुद्ध 2010 चा कायदा आहे, त्यामुळे तक्रार करायला कचरू नका, 1363 ही पर्यटकांची हेल्पलाइनही आहे.

आम्ही त्याच रात्री यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो कागद जोडून पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. पैसे अजून आलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी जैसलमेरच्या वनखात्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा कळलं की सुदासरीची परवानगी तिथूनच घ्यायची असते, पण आमची परतीची गाडी होती, हातात वेळच उरला नव्हता. तुमच्यापैकी कोणाला माळढोकासाठी जायचं असेल तर जैसलमेरला उतरल्या उतरल्या आधी त्या ऑफिसात स्वतः जा.