सिलिंडर सोडून सुपरकपॅसिटर: माझी नवी एअरबॅग सॅक

म्युनिकला आल्यापासून स्की टूरिंगचा (स्कीवरूनच बर्फाळ डोंगर चढायचा आणि उतरायचा) हा माझा चौथा हिवाळा. हिमस्खलनात सापडलो तर हँडल ओढून पिशवी फुगवायची, यासाठी पाठीवर एअरबॅग सॅक असते. माझी आधीची सॅक दाबाखालच्या वायूच्या सिलिंडरवाली होती. एकदा हँडल ओढलं की सिलिंडर भरून किंवा बदलून आणावा लागे, त्यामुळे सराव व्हायचाच नाही. ते मला फार खुपत होतं.

आता अल्प्राइड ई2 यंत्रणेची सॅक घेतली. यात सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती झटक्यात सोडणारा भाग आहे आणि त्याच विजेवर पिशवी फुगते; तो यूएसबी-सीवर चार्ज होतो आणि कडाक्याच्या थंडीतही मान टाकत नाही. परवा जाड हातमोजे घालून हॉलमध्येच हँडल ओढलं. घर्रऽऽ आवाज झाला आणि 150 लिटरची पिशवी डोक्यामागे टम्म! पुन्हा चार्ज केली, पुन्हा ओढली.

चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर येतात ना, हिमस्खलनात एअरबॅग माणसाला तसंच वर ठेवते. मात्र 2014 च्या एका अभ्यासात दर पाचातली एक एअरबॅग फुगलीच नव्हती, बहुतेकदा हँडल ओढलं न गेल्यामुळे. म्हणून सरावासाठी ही सॅक मला लाखमोलाची वाटते.

मांडीचा पट्टा लावाच, नाहीतर सॅक अंगातून निघून जाईल. आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं नसेल तर आधी ते घ्या.