वर्गासाठी प्रोजेक्टर घ्यावा की पंचावन्न इंची टीव्ही?

ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून किंवा लोकसहभागातून शाळेला एक मोठी वस्तू मिळणार असते आणि मुख्याध्यापकांपुढे दोन कोटेशनं येतात. एक प्रोजेक्टरचं, दुसरं मोठ्या अँड्रॉइड टीव्हीचं. रकमेत आता फारसा फरक राहिलेला नाही. शाळांची गुणवत्ता वाढवण्यासाठीच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय 22 जून 2015चा. त्यानंतर डिजिटल झालेल्या अनेक जिल्हा परिषद शाळांनी प्रोजेक्टर घेतले आणि तेव्हा ते बरोबरही होतं, कारण त्या पैशात एवढं मोठं चित्र दुसऱ्या कशातून मिळत नव्हतं. आज माझा कल टीव्हीकडे आहे. तरी प्रत्येक शाळेसाठी तेच उत्तर असेल असं नाही.

सरकारचं शैक्षणिक साहित्याचं दीक्षा ॲप, पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड, स्वतः बनवलेले व्हिडिओ या सगळ्या गोष्टी दोन्हींवर चालतात. त्यामुळे साहित्यावरून निवड करायचं कारण नाही. निवड ठरते ती खोलीवरून, पटावरून आणि विजेवरून.

आधी आकाराचा हिशेब, कारण इथे प्रोजेक्टर उघडपणे पुढे आहे. वाचण्याजोगा मजकूर असेल तर शेवटचं मूल चित्राच्या उंचीच्या सहापटीहून लांब बसू नये, हा वापरातला ढोबळ नियम. पंचावन्न इंची टीव्हीची उंची 27 इंच, म्हणजे शेवटचं मूल साडेतेरा फुटांपर्यंत बसू शकतं. त्रेचाळीस इंचीची 21 इंच, म्हणजे साडेदहा फूट. पासष्ट इंची घेतला तर सोळा फूट. प्रोजेक्टरचं 80 इंची चित्र 48 इंच उंच असतं, पण ते 4:3 प्रमाणातलं, म्हणजे जवळपास चौकोनी. शाळांकडे येणाऱ्या साध्या प्रोजेक्टरवर आजचा रुंद व्हिडिओ लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि उंची 36 इंच उरते. तरीही अठरा फूट मिळतात.

पहिली रांग टीव्हीपासून पाच फुटांवर आणि रांगांमध्ये अडीच फूट धरले, तर बस्करपट्ट्यांवर सात-आठ मुलांच्या चार रांगा साडेबारा फुटांत बसतात. पट तीसच्या आसपास असेल तर पंचावन्न इंची पुरतो. त्रेचाळीस इंची स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. मागची मुलं मात्रा आणि अनुस्वार अंदाजाने वाचू लागतात. देवनागरीत रफार, उकार दिसण्यासाठी अक्षर मोठं लागतं, म्हणून कोणत्याही पडद्यावर एका वेळी आठ ओळींहून जास्त मजकूर नको.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत ठरलं ती. प्रोजेक्टरला अंधार लागतो.

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे भिंतीवर आधीच पडलेला खोलीतला उजेड. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात भिंतीवर 300 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड सहज असतो आणि वहीत लिहायला साधारण तेवढा हवाही असतो. 3300 ल्युमेनचा (प्रोजेक्टर एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप) प्रोजेक्टर 80 इंची चित्रावर कागदोपत्री 1600 लक्सच्या आसपास देतो. दिवा जुना झाला, इको मोड लावला, फिल्टरवर धूळ बसली की तो हजार-बाराशेवर येतो. म्हणजे चित्रातला पांढराशुभ्र भाग काळ्या भागाच्या जेमतेम पाचपट उजळ. एवढ्यात गोष्टीचा व्हिडिओ निभावतो. नकाशातल्या नद्या, सूक्ष्मदर्शकाखालच्या कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, आलेखाच्या फिक्या रेघा निभावत नाहीत.

मग खिडक्या लावायच्या, दार ओढायचं. पत्र्याच्या खोलीत मार्चनंतर हे किती वेळ चालेल ते शिक्षकांना सांगायला नको. पण उकाड्यापेक्षा मोठी अडचण अशी, की अंधारात मुलं वहीत लिहू शकत नाहीत. चांगला तास असा चालतो: तीन मिनिटं दाखवायचं, थांबवायचं, प्रश्न विचारायचा, फळ्यावर आकृती काढायची, मुलांनी ती उतरवायची, पुन्हा दोन मिनिटं दाखवायचं. प्रोजेक्टर असला की अशा प्रत्येक वळणावर खिडकी उघडा, खिडकी लावा. दोन-तीनदा असं झालं की शिक्षक थांबवणंच सोडून देतात, व्हिडिओ सलग चालतो आणि वर्गाचा प्रेक्षकवर्ग होतो. कोणत्या मुलाला कळलं नाही हे चेहऱ्यावरून ओळखायचं, तर चेहराही दिसत नाही. माझ्या पाहण्यात अशा शाळांत प्रोजेक्टर हळूहळू शनिवारपुरता उरतो.

द्विशिक्षकी शाळेत तर प्रश्नच मिटतो. एका खोलीत दोन इयत्ता असतात. दुसरीला व्हिडिओ दाखवायचा तेव्हा पहिलीची मुलं पाटीवर लिहीत असतात. खोली अंधारी केली की पहिलीचं काम थांबतं. टीव्ही एका कोपऱ्यात चालतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात लेखन चालू राहतं.

विजेच्या बाबतीतही पारडं टीव्हीकडेच झुकतं. पंचावन्न इंची टीव्ही साधारण 100 ते 150 वॅट घेतो, दिव्याचा प्रोजेक्टर 200 ते 300. शिवाय वीज अचानक गेली की प्रोजेक्टरचा आतला पंखा बंद पडतो, तापलेला दिवा थंड होत नाही आणि त्याचं आयुष्य कमी होतं. वीज परत आली तरी गरम दिवा लगेच पेटत नाही, काही मिनिटं थांबावं लागतं. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत ती मिनिटं परवडत नाहीत. प्रोजेक्टर घेणारच असाल तर निदान संगणकाचा 600 व्हीएचा यूपीएस त्याला जोडा. तो प्रोजेक्टर काही मिनिटं सांभाळतो. तेवढ्यात तो रीतसर बंद करून थंड होऊ देता येतो.

दिवा बदलण्याचा खर्च तर ठरलेलाच. दिव्याचं आयुष्य चार-पाच हजार तास लिहिलेलं असतं, पण धूळ आणि विजेचे झटके ते खातात. नवीन वस्तूला देणगीदार मिळतो, जुन्याच्या दिव्याला सहसा मिळत नाही. लेझर प्रोजेक्टरला ही अडचण नाही, पण त्याची किंमत वेगळ्याच पातळीवर जाते. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या एलईडी प्रोजेक्टरांच्या खोक्यावर हजारोंनी ल्युमेन छापलेले असतात. एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले ल्युमेन, किती ते विचारा. उत्तर मिळत नसेल तर घेऊ नका.

आवाज आणि केबल यांवर फार लिहीत नाही. टीव्हीचे स्पीकर वर्गाला पुरतात, प्रोजेक्टरला वेगळे लागतात. छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत दहा मीटरची स्वस्त एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) टाकली की चित्र मध्येच जातं, आणि फक्त चित्र नेणारी जुनी व्हीजीए घेतली तर आवाजाची वायर वेगळी ओढावी लागते.

टीव्हीचेही दोष आहेत. तो भिंतीला ठोकलेला असतो, म्हणून एकाच वर्गाचा होतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्याची काळजी लागते. प्रोजेक्टर काढून कपाटात ठेवता येतो. समोरच्या भिंतीला खिडकी किंवा दार असेल तर काचेवर त्याचं प्रतिबिंब पडतं. टीव्ही अशा भिंतीवर लावा की खिडक्या बाजूला येतील, आणि वरची कड पाच-सात अंश पुढे झुकवा. मुलं जमिनीवर बसत असतील तर खालची कड तीन-साडेतीन फुटांवर ठेवा. अनेकदा चोरीच्या भीतीने टीव्ही छताजवळ लावतात, मग पुढच्या रांगेच्या माना दुखतात.

मोबाइलवरून दाखवायचं तर मिराकास्ट, म्हणजे मोबाइलचा पडदा वायरशिवाय टीव्हीवर दाखवायची सोय, टीव्हीत आहे का ते बघा. त्याला इंटरनेट लागत नाही. टाइप-सी ते एचडीएमआयची केबल बऱ्याच स्वस्त मोबाइलवर चालतच नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. दीक्षावर डाउनलोड केलेला पाठ ॲपमध्येच राहतो, पेन ड्राइव्हवर सरळ घेता येत नाही, म्हणून मोबाइलचा पडदा टीव्हीवर आणता येणं महत्त्वाचं. पेन ड्राइव्ह फॅट-32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. आणि श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचे जुने मराठी फॉन्ट) टाइप केलेली जुनी पीपीटी टीव्हीवर उघडली की अक्षरांचा चुराडा होतो. ती संगणकावरच पीडीएफ करून घ्या.

स्पर्शाने चालणारे मोठे पॅनेल बजेटमध्ये बसत असतील तर चांगलेच, पण त्या पैशात दोन-तीन वर्गांना टीव्ही मिळतात. मी दोन-तीन वर्गच निवडेन.

प्रोजेक्टर कधी घ्यावा? पट पन्नास-साठ असेल, शाळेत एक सभागृह असेल, किंवा एखादी खोली कायमची अंधारी करून तिथे मुलांना पाळीपाळीने नेणं वेळापत्रकात बसत असेल, तेव्हा. तिथे पंचावन्न इंचीचा आग्रह धरणं मुलांवर अन्याय होईल. मात्र शॉर्ट-थ्रो प्रोजेक्टर घ्या. तो तीन-चार फुटांवरून चित्र टाकतो, त्यामुळे शिक्षकांची सावली चित्रावर पडत नाही.

काहीही घ्या, आधी इलेक्ट्रिशियनकडून वर्गाचं अर्थिंग तपासून घ्या आणि जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण बसवा. गावच्या लाइनचा न्यूट्रल तुटला तर 230 च्या जागी 300-400 व्होल्ट येऊ शकतात आणि टीव्ही-प्रोजेक्टरच्या आतला बोर्ड जळतो. वळवाच्या पावसात प्लग काढून ठेवा.

टीव्ही घ्यायचं ठरलं तर दुकानात जाताना पाठ्यपुस्तकाच्या एका पानाचा फोटो पेन ड्राइव्हवर न्या. दुकानदार लावतो तो भडक रंगांचा व्हिडिओ बंद करायला सांगा, तुमचं पान लावा आणि तेरा फूट मागे जाऊन वाचा. मग वर्गात कडेचं मूल बसेल तेवढं बाजूला सरका. काही पॅनेलवर तिथून पांढरं राखाडी दिसतं आणि अक्षरं फिकी पडतात. तसं झालं तर दुसरा टीव्ही दाखवायला सांगा.